गटात परक्या विषयाचा वाचक हवाच
लेखनगटांवरच्या, म्हणजे एकमेकांचं लिखाण वाचून अभिप्राय देणाऱ्या गटांवरच्या लेखातलं 'गटातले सगळे एकाच विषयाचे असावेत' हे मत मला पटलं नाही. पीएचडी करताना आमच्या चौघांच्या गटात मी जीवशास्त्राची, एक जण भूगर्भशास्त्राचा. माझ्या शोधनिबंधाच्या 'रिझल्ट्स'मध्ये, म्हणजे जिथे फक्त काय आढळलं ते लिहायचं त्या भागात, मी मोजमापांसोबत त्यांचा अर्थही लावत सुटले होते. माझ्याच विषयातल्या मैत्रिणीला ते खटकलं नाही, तो अर्थ तिच्याही डोक्यात आधीपासूनच होता. भूगर्भशास्त्रवाल्याने मात्र विचारलं, "हे तू मोजलंस, की तुला वाटतं?" अर्धं पान उचलून 'डिस्कशन'मध्ये, म्हणजे अर्थ लावायच्या भागात गेलं.

प्रयोगातला कंट्रोल (तुलनेसाठी बदल न करता ठेवलेला नमुना) बरोबर आहे का, हे अर्थात विषयातल्यानेच पाहावं. आणि दुसऱ्याची वाक्यं दुरुस्त करत बसू नका, कुठे अडखळलात तेवढं समासात लिहा. आमचे पहिले दोन महिने व्याकरणातच गेले, युक्तिवादापर्यंत कुणी पोचलंच नाही.