खाडीत शिरावे की बाहेर थांबावे? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या मागील लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल प्रथम आभार. लहान शिडाच्या होडीने खवळलेल्या समुद्रात काय करावे, या विषयावरील त्या लेखात मी असे लिहिले होते की, वेळ निघून गेल्यावर किनाऱ्याकडे धाव घेण्यापेक्षा खोल पाण्यात राहणे बहुधा कमी धोक्याचे असते आणि होडी तरंगत आहे तोवर ती सोडू नये. आपले त्यावरील आक्षेप तीन आहेत. कोकणातला कोळी पिढ्यान्‌पिढ्या वारा उठला की खाडी गाठत आला आहे, त्याला ‘बाहेर राहा’ असे सांगणे हे पुस्तकी शहाणपण आहे आणि 2021 च्या ताउक्ते चक्रीवादळात बाहेर राहिलेल्यांचे काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे, हा पहिला. होडी सोडू नका असे म्हणणे म्हणजे लाइफराफ्टमध्ये (जीव वाचवण्यासाठीच्या फुगवत्या तराफ्यात) जीव गमावलेल्यांवर ठपका ठेवणे होय, हा दुसरा. वाऱ्याबरोबर पळावे की वाऱ्याच्या दिशेला नाळ (होडीचे पुढचे टोक) ठेवून थांबावे, याचे एकच एक उत्तर मी दिले नाही आणि ज्याला ते देता येत नाही त्याने सल्ला देऊ नये, हा तिसरा. शेवटी आपण कोकणातल्या बाणकोट खाडीच्या तोंडाशी घडणारा एक नेमका प्रसंग रचून मला प्रश्न विचारला आहे. त्याचेही उत्तर देतो.

पहिल्या आक्षेपात माझ्या वाक्यातले ‘वेळ निघून गेल्यावर’ हे शब्द गळले आहेत आणि माझे सगळे म्हणणे त्या शब्दांवरच उभे आहे. लहान होडीला नुसता वारा क्वचितच बुडवतो, तिला बुडवते ती फुटणारी लाट. खोल पाण्यातली लाट कितीही उंच असली तरी तिचा उतार सौम्य असेल तर होडी तिच्यावर चढते आणि उतरते. तीच लाट उथळ पाण्यात आली की तळाशी अडखळते, आखूड आणि उभी होते आणि पाण्याची खोली तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की फुटते. म्हणजे दोन मीटरची लाट सुमारे अडीच मीटर पाण्यात कोसळते. ज्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, तिथे भरतीच्या वेळी चार मीटर पाणी असेल तर ही लाट निमूटपणे आत जाईल, पण ओहोटीला तिथे दोन मीटर पाणी उरले की सबंध तोंडावर पांढरा फेस दिसेल. त्यात ओहोटीचा प्रवाह बाहेर येणाऱ्या नदीच्या पाण्यासह लाटांच्या विरुद्ध वाहत असतो, त्यामुळे लाटा आणखी उभ्या होतात. वारा तोच, लाट तीच, होडीही तीच, आणि तरीही दुपारी सुरक्षित असलेले तोंड संध्याकाळी जीवघेणे झालेले असते.

याहून वाईट गोष्ट अशी की, समुद्राकडून पाहणाऱ्याला हे नीट दिसत नाही. आपल्याला लाटांच्या पाठी दिसतात आणि त्या गुळगुळीत असतात, फुटणारा चेहरा किनाऱ्याकडे असतो. दांड्यावर पोहोचेपर्यंत नवख्या माणसाला तोंड मोकळे आहे असेच वाटत राहते. मग मागून आलेली लाट होडीची पिछाडी उचलते, नाळ खाली दबते आणि लाटेच्या माथ्यावरचे पाणी होडीच्याच वेगाने पुढे धावत असल्यामुळे सुकाणूवरून पाणी वाहतच नाही आणि सुकाणूची पकड सुटते. होडी आडवी फिरते आणि पुढची लाट तिच्या कुशीवर येते. यात तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाच्या, हातून काही चुकलेच पाहिजे असे नाही. त्या क्षणी त्याच्या हाती काहीच नसते.

आता कोळ्यांच्या अनुभवाबद्दल. तो अनुभव माझ्या विरोधात नाही, माझ्या बाजूचा आहे. अनुभवी तांडेल खाडी गाठतो हे खरे, पण तो भरती पाहून गाठतो. दांड्यावर लाटा फुटत असतील तर तो बाहेर थांबून पाणी चढण्याची वाट पाहतो आणि आत शिरताना लाटेच्या पुढे न राहता एका लाटेच्या पाठीवर बसून जातो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवण्याची परंपरा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारीबंदी सरकारने माशांच्या प्रजननासाठी घातली असली, तरी पावसाळ्यात समुद्रात न जाण्याचा शहाणपणा तिच्याहून कितीतरी जुना आहे.

शिवाय सगळी बंदरे सारखी नसतात. विजयदुर्गाच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा नाही, म्हणून तिथे कोणत्याही हवामानात शिरता येते आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांतही मोठ्या गलबतांना आसरा मिळतो, अशी नोंद ब्रिटिश काळातील गॅझेटियरमध्ये आहे. आंग्र्यांच्या आरमाराने ती जागा तटबंदीइतकीच पाण्यासाठीही धरून ठेवली असणार, असे मला वाटते. डिसेंबर 2017 मध्ये ओखी चक्रीवादळाच्या वेळी केरळ आणि तामिळनाडूच्या कितीतरी मच्छीमार नौका देवगडला आसऱ्याला आल्या. त्या पळाल्या आणि वाचल्या, कारण त्यांच्या पुढे आत शिरता येईल असे बंदर होते आणि ते गाठण्याइतका वेळ होता. या दोन्ही गोष्टी असतील तर अवश्य पळावे. माझा आक्षेप पळण्याला नाही, उशिरा पळण्याला आहे.

ताउक्तेचे उदाहरण मात्र या वादात बसत नाही. 17 मे 2021 रोजी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात बुडालेला पी-305 हा स्वतःचे प्रणोदन इंजिन नसलेला, कामगारांच्या निवासाचा तराफा होता. तो नांगरांवर होता, नांगर सुटले, तो वाहत जाऊन एका तेलफलाटावर आदळला आणि सत्तरच्या आसपास माणसे गेली. ज्याला स्वतःहून हलता येत नाही आणि ज्याच्या वाऱ्याखाली, म्हणजे वारा वाहत नेतो त्या बाजूला, पोलादी फलाट उभे आहेत, त्याला मोकळा समुद्र लाभला होता असे म्हणता येणार नाही. चक्रीवादळाचा इशारा असताना लहान होडीने बंदराबाहेर पडू नये, याबद्दल आपल्यात मतभेद नाहीच. तिथे कोणतेही कौशल्य पुरत नाही. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाच्या वाटचालीच्या उजव्या बाजूला वाऱ्याचा वेग आणि वादळाचा स्वतःचा वेग यांची बेरीज होते, आणि अरबी समुद्रातून उत्तरेकडे सरकणाऱ्या वादळाची ही उजवी बाजू म्हणजे नेमका आपला किनारा असतो.

दुसऱ्या आक्षेपाने मला वाईट वाटले, कारण तसा अर्थ निघावा अशी माझी इच्छा नव्हती. ऑगस्ट 1979 मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परतणाऱ्या शर्यतीत 303 नौका होत्या. वादळाने त्यांना गाठले, 15 स्पर्धक मरण पावले आणि 24 नौका त्यांवरील माणसांनी सोडून दिल्या. त्या चोविसांपैकी बुडाल्या पाचच. नंतरच्या चौकशीत असे आढळले की, मृतांपैकी सात जण लाइफराफ्टशी संबंधित घटनांत गेले आणि त्या सात जणांनी सोडलेल्या नौका पुढे तरंगताना सापडल्या. यात ठपका कुणावर ठेवायचा? पूर्ण उलटून पुन्हा सरळ झालेल्या नौकेच्या आत गुडघाभर पाणी असते, बॅटऱ्या, डबे आणि हत्यारे अंगावर आलेली असतात, डोलकाठी मोडून बाहेरून कवचावर धडका देत असते आणि माणसे गारठलेली, जखमी असतात. अशा वेळी ती नौका बुडणारच असे वाटणे अत्यंत स्वाभाविक आहे. म्हणूनच ही गोष्ट किनाऱ्यावर, कोरड्या कपड्यांत असताना मनात पक्की करून ठेवावी लागते. आत उतरण्याच्या दाराच्या फळ्या नौका उलटली तरी निसटणार नाहीत अशा बांधाव्यात, जड वस्तू जागच्या जागी आवळाव्यात आणि हार्नेस (माणसाला नौकेशी बांधून ठेवणारा पट्टा) अडकवायची कडी नौकेच्या सांगाड्याला घट्ट बसवलेली असावी. त्या शर्यतीत काही माणसे हार्नेस किंवा त्याचा आधार तुटल्यामुळे वाहून गेली, याची आठवण आजही विकत घेतलेला हार्नेस न तपासता घालणाऱ्यांनी ठेवायला हवी.

आपल्याला जवळचे उदाहरण हवे असेल तर भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांचे आहे. 21 सप्टेंबर 2018 रोजी गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियातील पर्थपासून सुमारे 1,900 सागरी मैलांवर त्यांची ‘थुरिया’ उलटली, तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीला इतकी गंभीर इजा झाली की त्यांना हालचाल करता येईना. ते नौकेतच पडून राहिले. मॉरिशसहून निघालेल्या नौदलाच्या पी-8आय विमानाला ती नौका दिसली आणि तिसऱ्या दिवशी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्तीनौकेने त्यांना उचलले. तुटकी असली तरी नौका राफ्टपेक्षा मोठी असते, विमानातून दिसते आणि माणसाला आडवे पडायला जागा देते.

तिसऱ्या आक्षेपाबाबत मात्र मी माघार घेणार नाही. एकच उत्तर नाही, कारण होड्या एकसारख्या नाहीत. एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करणारे पहिले दर्यावर्दी सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ मुंबईत बांधलेली, सागवानी, बत्तीस फुटी, जड आणि लांब कीलची (नौकेच्या तळाखालच्या कण्याची) नौका होती. दक्षिण महासागरात त्यांनी पिछाडीमागे लांब दोर सोडून तिचा वेग आवरला आणि पिछाडी लाटांकडे राखली. त्याआधी काही वर्षे फ्रेंच दर्यावर्दी बर्नार म्वातेसिए यांनी हॉर्न भूशिराकडे जाताना ‘जोशुआ’ या पोलादी नौकेमागे सोडलेले दोर चक्क कापून टाकले, कारण त्या ओझ्याने नौका लाटांपुढे बांधल्यासारखी होत होती. दोर गेल्यावर ते लाटेला किंचित तिरके राहून वेगाने पळाले आणि सुखरूप पार झाले. समुद्र एकच, पण दोघांनी उलट गोष्टी केल्या आणि दोघेही आपापल्या नौकेपुरते बरोबर होते. हलक्या, आखूड कीलच्या आजच्या नौकांना शीड लहान करून जागच्या जागी थांबणे कित्येकदा जमतच नाही, त्यांची नाळ वाऱ्यापासून दूर पडते आणि त्या कुशीवर येतात. फास्टनेटनंतर साउदॅम्प्टन विद्यापीठात झालेल्या चाचण्यांनी एक गोष्ट दाखवून दिली: फुटणारी लाट कुशीवर आली आणि तिची उंची नौकेच्या लांबीच्या सुमारे साठ टक्के असेल, तर जवळजवळ कोणतीही नौका पूर्ण उलटू शकते. वीस फुटी होडीला त्यासाठी बारा फुटांची लाट पुरते. तेव्हा पद्धत कोणतीही घ्या, फुटणाऱ्या लाटेला कूस द्यायची नाही, एवढे मात्र सर्वांना लागू आहे. आपली होडी कोणत्या पद्धतीत तसे करू देते, ते मध्यम वाऱ्यात आधीच करून पाहिलेले असावे.

शीड लहान करण्याबद्दल एकच सांगतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पंधरा नॉटचा (तासाला पंधरा सागरी मैलांचा) वारा तीस नॉट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. म्हणून रीफ घ्यावा का, म्हणजे शीड आखडून लहान करावे का, असा विचार मनात येतो तेव्हाच तो घ्यावा.

आता आपला बाणकोटचा प्रश्न. ऑक्टोबरची दुपार, बावीस फुटी शिडाची होडी, दोन माणसे, नैर्ऋत्येचा वारा पंचवीस नॉटपर्यंत चढलेला, ओहोटी नुकतीच लागलेली आणि तोंडावर फेस. आपण विचारता, अशा वेळी मी खरोखर आत जाणार नाही का? नाही जाणार. पण बाहेर थांबण्याचाही हिशेब मांडावा लागतो. ओहोटी सहा तास चालेल आणि थांबलेली होडी वाऱ्याखाली तासाला एक ते दीड मैल सरकत राहील, म्हणजे पाणी फिरेपर्यंत सहा ते नऊ मैल. त्यानंतर दांड्यावर पुरेसे पाणी चढायला आणखी तीन-चार तास लागतील आणि तोवर रात्र झालेली असेल. एवढी जागा वाऱ्याखाली नसेल, आणि आपल्या प्रसंगात ती नाही, तर वाऱ्याच्या विरुद्ध इतके अंतर कमावण्याची वेळ दुपारीच संपलेली आहे. मग मी फेसाच्या बऱ्याच बाहेर, बारा-पंधरा मीटर पाण्यात, खोलीच्या सातपट दोर आणि पुढे साखळी देऊन नांगर टाकीन, दोर घासतो तिथे कापड गुंडाळीन, दोघांचे हार्नेस अडकवीन, व्हीएचएफ रेडिओच्या सोळा क्रमांकाच्या चॅनेलवर आणि फोन लागत असेल तर तटरक्षक दलाच्या 1554 वर जागा व माणसांची संख्या कळवीन. दुसरा नांगर दोर जोडून हाताशी ठेवीन आणि उजाडल्यानंतरच्या चढत्या भरतीची वाट पाहीन. नांगर सरकू लागलाच तर मात्र दांड्यावर वाहत जाण्याची वाट न पाहता, लहान शीड किंवा इंजिन लावून, दोर कापून समुद्राकडे निघेन.

आपला नम्र.