संध्याकाळी सहानंतर त्याच्यासोबत कोण असतं?

दरवर्षी २६ जूनला गोव्यातल्या कॉलेजांत अमली पदार्थविरोधी दिन पाळतात. फलक, फेरी, शपथ, फोटो. त्या फेरीत रोज संध्याकाळी गांजा ओढणारा मुलगाही चालत असतो, गोळी घेतल्याशिवाय डोळा लागत नाही अशी मुलगीही असते, आणि दोघंही सगळ्यांबरोबर हात पुढे करून शपथ घेतात. ड्रग्ज वाईट असतात हे त्यांना कोणी सांगायची गरज नसते. ‘मला थांबायचंय, पण हे सांगू कोणाला?’ एवढंच त्यांना विचारायचं असतं, आणि त्याचं उत्तर एकाही फलकावर नसतं.

गोव्यात उपचार लांब नाहीत. ताळगावच्या पठारावरच्या विद्यापीठातून निघालं की बांबोळीचं मनोविकार रुग्णालय, म्हणजे आयपीएचबी, आणि गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, दुचाकीच्या अंतरावर आहेत. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६, दोन्ही नंबर फुकट लागतात. तरीही मुलं तिथवर पोचत नाहीत. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ड्रग्जच्या आहारी गेलेल्या साधारण २० जणांमागे एकालाच काही उपचार मिळाल्याचं दिसलं. दारूच्या बाबतीत ३८ जणांमागे एक.

माझं मत स्पष्ट आहे. डॉक्टर आठवड्यातून अर्धा तास भेटतो. समुपदेशकाच्या खोलीला पाचला कुलूप लागतं. आणि तलफ येते ती संध्याकाळी सहा ते रात्री बारा. हे सहा तास कोणाचेच नाहीत. प्रत्येक हॉस्टेलमागे, आणि ज्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, मुलं खोल्या भाड्याने घेऊन राहतात त्या प्रत्येक वाड्यावर, हे तास वाटून घेणारी पाच-सात माणसं उभी राहिल्याशिवाय काही बदलणार नाही. माल पुरवणाऱ्यांवर धाडी पडायलाच हव्यात. पण व्यसनात अडकलेलं पोर धाडीने बाहेर येत नाही, ते आणखी आत जातं.

पहिली अडचण भीतीची आहे. मदत मागितली तर पोलीस पकडतील असं मुलांना वाटतं. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीचा कायदा, १९८५ चा. त्याचं कलम ६४अ फारच थोड्यांना माहीत असतं. केवळ सेवनाचा किंवा ‘अल्प प्रमाणा’चा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत स्वतःहून उपचाराला गेला, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. अट एकच, उपचार पुरे करायचे. अर्ध्यावर सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. अल्प प्रमाण म्हणजे गांजा एक किलोपर्यंत, चरस १०० ग्रॅम, हेरॉइन ५ ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम, पण एमडीएमए, म्हणजे पार्टीतली गोळी, फक्त अर्धा ग्रॅम. आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितल्याप्रमाणे भेसळीसकट पूर्ण मिश्रणाचं वजन धरतात. त्यामुळे ‘चौघांनी पैसे काढले, मी फक्त घेऊन आलो’ म्हणणारा मुलगा या मर्यादेच्या बाहेर कधी गेला हे त्याला कळतही नाही. हे आधीच नीट समजावून सांगायला हवं, घाबरवायला नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क केला आहे, आणि ड्रग्ज-दारूच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था त्या कायद्यात येतात. म्हणजे अठरा पूर्ण झालेल्या मुलाची फाइल कॉलेजने मागितली म्हणून मिळत नाही.

आता गटात कोण असावं. शिस्त समितीवर नसलेला एक शिक्षक किंवा शिक्षिका. दोन-तीन सीनियर विद्यार्थी, त्यात मुलगी हवीच. मेस किंवा कँटीन चालवणारा माणूस, कारण कोण जेवायला येत नाही हे सगळ्यात आधी त्याला कळतं. भाड्याच्या खोल्या असतील तर एखादी समजूतदार घरमालकीण. आणि मिळाला तर स्वतः व्यसनातून बाहेर येऊन निदान दोन वर्षं क्लीन असलेला एक माणूस. वॉर्डन नको. वॉर्डन कितीही चांगले असले तरी खोली काढून घ्यायचा अधिकार त्यांच्या हातात असतो, आणि ज्याच्या हातात शिक्षा त्याच्याजवळ कोणी खरं बोलत नाही. वॉर्डनसरांना गट आहे एवढं माहीत असावं, कोण येतं ते नसावं.

‘ही साधी माणसं काय उपचार करणार?’ असं विचारणाऱ्यांसाठी उत्तर गोव्यातच आहे. इथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूचं प्रमाण हाताबाहेर जात असलेल्या ३७७ पुरुषांवर एक चाचणी झाली, ती २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राची पदवी असलेलेही नव्हते, प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसं होती. फार तर चार बैठका, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. तीन महिन्यांनी दारू सुरक्षित पातळीवर आलेले समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के निघाले, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. ती चाचणी दारूची होती, ड्रग्जची नव्हे, हे विसरून चालणार नाही. पण शिकवलेला साधा माणूस उपयोगी पडतो, एवढं तिने दाखवलं.

शिकवायचं काय? चार-पाच शनिवार पुरतात. ऐकायचं कसं, जीव धोक्यात असल्याची लक्षणं, बांबोळीला कधी न्यायचं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची ‘असिस्ट’ ही आठ प्रश्नांची चाचणी. ड्रग्जसाठी गुण ३ पर्यंत असतील तर माहिती पुरे, ४ ते २६ मध्ये गटाने बोलत राहायचं, २७ किंवा वर गेले तर डॉक्टरच हवा. याने ‘मला वाटतं तो जास्त घेतो’ हा अंदाज संपतो.

पण सगळं पहिल्या बोलण्यावर असतं, म्हणून त्यावर जरा थांबते. ऑफिसात बोलू नका. मध्ये टेबल आलं की मुलगा उलटतपासणीला बसल्यासारखा बसतो. चहाच्या गाड्यावर, उभ्या स्कूटरला टेकून, चालता चालता बोला. शेजारी शेजारी असलं की नजर चुकवायची गरज पडत नाही. तो नशेत असताना कधीही नको. सुरुवात फक्त डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींनी करा: ‘गेले तीन आठवडे तू सकाळच्या लेक्चरला दिसला नाहीस, रात्री मेसमध्येही नसतोस. मला काळजी वाटतेय. काय चाललंय?’ ‘ड्रग्ज घेतोस का?’ असं थेट विचारलंत तर उत्तर ‘नाही’ येतं, आणि पुढचे दोन महिने तो तुम्हाला पाहून रस्ता बदलतो. प्रश्न विचारून झाला की गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे फार जड जातात, पण बहुतेक वेळा आठव्या-नवव्याला तो बोलायला लागतो.

मग विचारा, ‘घेतल्यावर बरं काय वाटतं?’ हा प्रश्न बऱ्याच जणांना चुकीचा वाटतो. पण ‘झोप लागते’, ‘वर्गात बोलायची भीती जाते’, ‘एटीकेटीचा विचार थांबतो’ ही उत्तरं येतात, आणि खरं दुखणं तिथंच असतं. त्यानंतर आकडे: सात दिवसांत किती दिवस, दिवसाला किती, उठल्यावर पहिलं कधी. उठल्या उठल्या लागत असेल तर गोष्ट पुढे गेलेली आहे. ‘कुठून आणतोस?’ हे मात्र कधीच विचारू नका. ते कळून तुम्हाला करायचं काही नसतं, आणि त्या एका प्रश्नाने तुम्ही त्याच्यासाठी खबरे होता. बोलणं वीस मिनिटांत संपवा, पुढच्या भेटीचा दिवस ठरवूनच उठा.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. सगळंच ‘आजपासून बंद’ करता येत नाही. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने किंवा अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणाऱ्याने एकदम सोडलं तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. दारूच्या बाबतीत फिटचा धोका साधारण पहिल्या दोन दिवसांत, भ्रमाचा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून. हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, तर खोलीत कोंडून ‘मनाचा निग्रह’ करायला लावू नका, रुग्णालयात न्या. हेरॉइनसारख्या पदार्थांत धोका उलटा आहे. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडते, आणि मग जुन्याच मात्रेने श्वास थांबतो. श्वास मंद, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, हाक मारून जाग नाही, असं दिसलं की १०८. पोचेपर्यंत कुशीवर वळवून ठेवा, श्वासाकडे लक्ष ठेवा, तोंडात काहीही घालू नका. पार्टीतल्या गोळ्यांनी अंग तापलं असेल तर सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या कापडाने पुसा, पण बाटल्याच्या बाटल्या पाणी पाजू नका, रक्तातलं सोडियम घसरतं. डॉक्टरांना काय घेतलंय ते खरं सांगा.

गांजा सोडताना जीव जात नाही, म्हणून त्याला सगळे हलकं घेतात. चिडचिड, भूक न लागणं, झोप उडणं, विचित्र स्वप्नं. एक ते तीन दिवसांत सुरू होतं, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त, साधारण दोन आठवड्यांत उतरतं. हे त्याला आधी सांगितलेलं नसेल तर चौथ्या रात्री त्याला वाटतं की आपलं डोकंच बिघडलं, आणि तो परत ओढतो. दहावा दिवस कसा असेल हे माहीत असलेला मुलगा चौथी रात्र काढतो.

मग पहिले ९० दिवस. इथेच सोबत लागते. पाच माणसं असतील तर प्रत्येकाकडे आठवड्याची एक संध्याकाळ, शनिवार-रविवार दोघादोघांनी वाटून. करायचं काही मोठं नाही. फुटबॉल, देवळातल्या भजनाची तालीम, वाचनालय, एकत्र जेवण. व्याख्यान नको. घरून येणारे पैसे एक तारखेला एकदम न येता दर सोमवारी येऊ देत. खिशात सात हजार असलेली पहिल्या आठवड्याची संध्याकाळ फार अवघड जाते. जुने नंबर त्याने स्वतः, तुमच्यासमोर, काढून टाकायचे. खोलीतला जोडीदार अजून ओढत असेल तर खोली बदला, इतर सगळं व्यर्थ आहे. आणि घसरलाच तर २४ तासांत कोणालातरी सांगायचं, हा नियम आधीच ठरलेला असावा. सांगितल्यावर कोणी ओरडायचं नाही. एकदा घसरणं आणि पूर्ण परत जाणं यात बहुतेक वेळा अंतर असतं ते लाजेने लपवलेल्या आठवड्याचं.

असे गट मोडतात कशाने? कोणीतरी व्हॉट्सॲप ग्रुप काढतं आणि त्यात मुलाचं नाव येतं. एका स्क्रीनशॉटने वर्षाचं काम संपतं. नावं कुठेच लिहू नका, वहीतसुद्धा नाही. दुसरं, एकच भला माणूस सगळ्यांचं अंगावर घेतो आणि सहा महिन्यांत थकून बाजूला होतो. एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त मुलं नकोत. तिसरं, लघवीच्या चाचण्या. नेहमी ओढणाऱ्याने गांजा सोडला तरी तो तीन-चार आठवडे लघवीत दिसू शकतो, आणि एलएसडी नेहमीच्या किटमध्ये दिसतच नाही. म्हणजे थांबलेला पकडला जातो, न थांबलेला सुटतो. चाचणीवरून निलंबन करणाऱ्या संस्थांनी याचा शांतपणे विचार करावा. निलंबित मुलाचे ते सहा तास चोवीस होतात.

आई-बाबांसाठी एवढंच. गावात ‘कावीळ झालीय’ असं सांगितलंत तरी चालेल, पण घरातल्या एका माणसाला, मामाला, काकीला, पूर्ण खरं सांगा. हा भार दोघांना पेलत नाही. आणि घाईने कुठल्याही केंद्रात टाकू नका. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी दाखवा म्हणा. मनोविकारतज्ज्ञ किती दिवसांनी येतो ते विचारा. मुलाशी फोनवर एकटं बोलता येईल का ते विचारा. ‘पहिला महिना भेट नाही, फोन नाही’ असं उत्तर आलं तर तिथून उठा. अठरा वर्षांवरच्या मुलाला त्याच्या संमतीशिवाय ठेवायची पद्धत कायद्याने ठरवून दिलेली आहे: दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ, आणि सुरुवातीला फार तर ३० दिवस. गाडीत घालून नेणं त्यात बसत नाही.

चतुर्थीला सगळे घरी असतात, तेव्हा बहुतेकांचं निभावतं. अवघड जातो तो डिसेंबर. परीक्षा संपलेल्या, हॉस्टेल अर्धं रिकामं, किनाऱ्यावर रात्रभर कार्यक्रम, आणि बाहेरून आलेले मित्र ‘चल ना, वर्षातून एकदा’ म्हणणारे. त्यामुळे १५ डिसेंबर ते ५ जानेवारीचं वेळापत्रक नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच लावा. कोण गोव्यात आहे, कोण गावी जातंय, ३१ च्या रात्री कोणाचा फोन चालू राहणार, आणि त्या रात्री मुलगा कोणाच्या घरी जेवायला जाणार, हे नावानिशी ठरवून घ्या, तोंडी.