उतारावर पण पेडल मारावं लागतं!
लेखात म्हटलंय की दरीतल्या बिनगाड्यांच्या खडीच्या रस्त्यावर कुठलीही सायकल चालते, हे काही पटलं नाही बुवा. मी पहिल्यांदा २८ मिमी रुंदीचे अरुंद टायर टम्म फुगवून गेले, हँडल इतकं थडथडत होतं की पाण्याची बाटली उडून खाली. आता ४५ मिमी रुंदीचे ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर, हवेचा दाब ३५ पीएसआयच्या आसपास, आणि ब्रेक वळणाच्या आधीच, कारण सुट्या खडीवर वळणात पुढचा ब्रेक करकचून दाबला की आडवे झालातच. आणि हो, ऊन तापलं की दुपारी वारा बहुतेक खालून वर दरीत घुसतो, म्हणजे परत उतरताना नेमका तोंडावर. पण हॉर्न नाही, धूर नाही, नुसती टायरखालची करकर, परत जाणारच.