पिशवी उलटी नाही, मागे झुकलेली आहे

गेल्या आठवड्यात धारूरकडची एक सून सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आमच्या उपकेंद्रात आली. 'आरव्ही युटेरस' या शब्दांभोवती कुणीतरी लाल पेनानं गोल केला होता. सासूबाईंच्या मोबाईलवर तोच मेसेज, जो सध्या बायकांच्या ग्रुपवर फिरतोय: "पिशवी उलटी असेल तर लेकरू राहत नाही. पोट चोळून सरळ करून घ्या. नाहीतर पुढं कॅन्सर होतो, वेळीच काढून टाका."

मुळात 'उलटी' हा शब्दच चूक. बहुतेक बायकांची गर्भपिशवी पुढं, लघवीच्या पिशवीवर झुकलेली असते. पाचातल्या साधारण एकीची मागं, पाठीच्या कण्याकडं झुकते. तिलाच आरव्ही म्हणतात. पिशवीचं तोंड खालीच असतं. लघवी तुंबली की तीही थोडी मागं ढकलली जाते, म्हणून दोन रिपोर्टांत दोन गोष्टी आल्या तरी घाबरू नका.

लेकरू राहत नाही, हे खरं नाही. शुक्राणू स्वतः पोहत वर जातात, पिशवी कुठं झुकली आहे यानं ते अडत नाहीत. पाय भिंतीला लावून झोपायचीही गरज नाही. दिवस गेल्यावर तिसऱ्या महिन्याच्या शेवटी पिशवी वाढत आपोआप वर येते. क्वचित एखादीची अडकते. तेव्हा चौथ्या महिन्याच्या सुमारास लघवी होईनाशी होते. असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

एक गोष्ट मात्र खरी. एंडोमेट्रिओसिसमुळं (पिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढतो तो आजार) किंवा जुन्या जंतुसंसर्गानं पिशवी मागं चिकटून बसू शकते. मग पाळीत, संबंधाच्या वेळी खूप दुखतं, मूल राहायलाही अडचण येऊ शकते. पण तिथं उपचार त्या आजारावर करायचा असतो.

चोळून पिशवीची ठेवण बदलत नाही, आणि दिवस गेले असतील तर पोट चोळणं धोक्याचं. 'अंग बाहेर येणं', म्हणजे पिशवी खाली सरकणं, हा वेगळा त्रास आहे, तो डॉक्टरांना दाखवायलाच हवा.

आता कॅन्सर. पिशवीच्या झुकावाचा आणि कॅन्सरचा काही संबंध नाही. माझा जीव तुटतो तो याच वाक्यावर, कारण आपण बीडचे आहोत. 2019 मध्ये जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. कितीतरी जणींना हीच कॅन्सरची भीती घातली होती. कोयता घेऊन फडात जाणाऱ्या बाईची पिशवी तिशीत गेली, सोबत बीजकोशही गेले, तर हाडं लवकर झिजतात. नुसती मागं झुकलेली आहे म्हणून पिशवी काढू देऊ नका.

तांबी बसवताना मात्र 'माझी आरव्ही आहे' हे आधी सांगा, बसवणारीला दिशा कळते.

त्या सुनेच्या रिपोर्टमागं मी एकच तपासणी लिहून दिली, नवऱ्याच्या वीर्याची. लग्नाला चार वर्षं झालीत, ती एकदाही झालेली नव्हती.