मार्गारिटा : समान मापाची कृती का फसते?

मार्गारिटा या कॉकटेलची एक चटपटीत कृती सगळीकडे फिरते आहे: सोनेरी टकिला (मेक्सिकोची अगावेपासून केलेली दारू), ट्रिपल सेक (संत्र्याच्या स्वादाचं गोड मद्य) आणि लिंबूरस समान मापानं घ्या, रस बाटलीतला चालेल, शेकर दोन-चार वेळाच हलवा म्हणजे पाणी होणार नाही, आणि कडेला भरपूर मीठ. लक्षात ठेवायला सोपी आहे, पण जवळपास प्रत्येक सूचना उलटी आहे.

"सोनेरी टकिला मुरलेली, म्हणून भारी." रंगावरून वय कळत नाही. 'गोल्ड' नावाच्या स्वस्त बाटल्यांतला रंग बहुधा कॅरमलचा असतो. मेक्सिकोच्या नियमानुसार नुसतं 'टकिला' लिहिलेल्या बाटलीत निळ्या अगावेची, म्हणजे घायपातीच्याच कुळातल्या झाडाची, साखर 51 टक्के असली तरी पुरते. लेबलवर '100 टक्के अगावे' हे शब्द शोधा. त्यात ब्लँको, म्हणजे न मुरवलेली पारदर्शक टकिला, सर्वांत सरळ. किमान 2 महिने लाकडात मुरलेली रेपोसादोही छान लागते. त्याहून जुनी आन्येहो मात्र लिंबात बुडवू नका, नुसतीच प्या.

"तिन्ही समान." बारटेंडरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, म्हणजे आयबीएचं, माप आहे टकिला 50 मिली, ट्रिपल सेक 20, लिंबूरस 15. याऐवजी 30-30-30 घेतलं की आंबटपणा दुप्पट होतो आणि टकिला एक तृतीयांशावर येते. शिवाय ट्रिपल सेक काही 15 टक्के अल्कोहोलचं असतं, काही 40 टक्क्यांचं. हलकं घेऊन समान माप केलं तर बर्फाआधीच मिश्रण जेमतेम 18 टक्क्यांवर येतं; आयबीएच्या मापात 40 टक्क्यांचं घेतलं तर 33. फार आंबट झालं तर ट्रिपल सेक ओतत बसू नका, 5 मिली साखरेचा पाक घाला.

बाटलीतल्या रसात आंबटपणा असतो, ताज्या हिरव्या लिंबाचा वास नसतो. पिळा आणि त्याच दिवशी वापरा. फार जोर लावून पिळलं तर सालीचा कडूपणा उतरतो.

"कमी हलवा, पाणी होईल." सगळ्यात जास्त मार्गारिटा इथे बिघडतात. पेय गार होतं ते मुख्यतः बर्फ वितळतो म्हणूनच: 1 ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता शोषतो. म्हणजे पाणी टाळलं तर गारवाही टळला. वरच्या मापात 20 ते 30 मिली पाणी उतरलंच पाहिजे, नाहीतर घोट घशाला जाळत जातो. शेकर बर्फानं भरा, 10 ते 12 सेकंद जोरात हलवा, धातू हाताला बोचेल इतका गार झाला की गाळा. त्यानंतर आणखी हलवलं तरी फारसा फरक पडत नाही, कारण बर्फ आणि पेय एका तापमानाला आलेले असतात. पाणचट होतं ते दुसऱ्याच कारणानं: आधीच पाझरलेला, चुरा झालेला बर्फ. त्याच्या अंगावरचं पाणी गारवा न देताच पेयात जातं. मोठे खडे थेट फ्रीझरमधून काढा.

मीठ कडूपणा दाबतं, म्हणून ते हवंच. पण ग्लास पाण्यात बुडवून मिठात उलटा दाबला की आतल्या बाजूचं मीठ पेयात गळतं. लिंबाची फोड फक्त बाहेरून, अर्ध्याच कडेवर फिरवा आणि तेवढाच भाग जाड्या मिठावर लोळवा. मीठ नको असणाऱ्यानं उरलेल्या अर्ध्या बाजूनं प्यावं.