दार एकाचं, टोपी दुसऱ्याची

"दोन मोठे, दोन लहान. आत पाऊल टाकायच्या आधीच सव्वाशे डॉलरच्या घरात गेले. त्यात ऑनलाइन काढलं म्हणून वर सेवाशुल्क! कागद नाही, शाई नाही, तिकीट माझ्याच फोनवर. सेवा कुणी कुणाची केली रे?"

जुन्नरकर तापला होता. विषय होता रेनेसाँ फेअरच्या तिकिटांचा. न्यू जर्सीत एडिसनला ओक ट्री रोडवर एका वाणसामानाच्या दुकानाशेजारी, पार्किंगला लागून, गुडघाभर उंचीची भिंत आहे. तो आमचा कट्टा. दुकानदार हाकलत नाही, कारण चहा आणि वडापाव त्याचाच. खरी नावं इथे चालत नाहीत. जुन्नरचा तो जुन्नरकर, अकाउंटंट तो हिशेबनीस. मास्तर साताऱ्याकडे काही वर्षं इतिहास शिकवून इकडे लेकाकडे आलेले. धनू ही हिशेबनीसाची पुतणी, कॉलेजात शिकते, आणि या जत्रांचं तिला वेड आहे. जुन्नरकर गेला होता ती जत्रा कुठली ते लिहीत नाही. आमच्यापासून दोन-अडीच तासांच्या आत एकाहून जास्त आहेत.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: सोळाव्या शतकातलं इंग्लंडमधलं गाव अमेरिकेतल्या एखाद्या माळावर नाहीतर रानात उभं करतात. लाकडी दुकानं, त्यांत लोहार, काच फुंकणारे, कातड्याचे पट्टे शिवणारे. मोकळ्यावर जादूगार, कसरतवाले, तलवारी गिळणारे. दुपारी राणीची स्वारी निघते, चिलखतातले सरदार घोडे दौडवत एकमेकांच्या ढालींवर भाले मोडतात आणि लोक टर्कीची अख्खी तंगडी हातात धरून 'हझाऽऽ' अशा आरोळ्या ठोकतात. टर्की मुळात अमेरिकेतला पक्षी, इंग्लंडात तो सोळाव्या शतकात नवखाच होता, पण हे तिथे कुणाला सांगू नये. तंगडीची चव जाते.

"ती राणी बहुतेक ठिकाणी पहिली एलिझाबेथ असते," मास्तर म्हणाले. "१६०० च्या ३१ डिसेंबरला ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली तीच. शिवनेरीच्या पायथ्याचा माणूस तू, आणि तिच्या दरबारात सव्वाशे मोजून गेलास?"

"मास्तर, विषय बदलू नका."

हिशेबनीसाला असा माणूस लागतोच. "तुला सव्वाशे दिसतात. मला त्यांचा वर्षाचा ताळेबंद दिसतो," तो म्हणाला. (पाहिला नव्हता. पण दुसऱ्याच्या धंद्याचा ताळेबंद न पाहता दिसणं ही त्याची जुनी सवय.) "जत्रा चालते किती? आठ-नऊ शनिवार-रविवार. म्हणजे वर्षाचे सोळा-अठरा दिवस. जागा बारा महिने सांभाळायची, ती लाकडी घरं बारा महिने सडतात. आणि विमा? एका आवारात घोडे, धारदार हत्यारं, आग गिळणारे आणि सकाळपासून बिअर प्यायलेली हजारो माणसं. तू विमा कंपनीत असतास तर काय हप्ता लावला असतास? त्यात दोन दिवस मुसळधार पाऊस लागला की हंगामाचा आठवा हिस्सा गेला."

"म्हणून दर वर्षी वाढवायचं?"

"वाढणारच. आपल्या इथल्या प्रिन्स्टनला विल्यम बॉमोल नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी आणि विल्यम बोवेननी १९६६ साली हेच मांडलं. कारखान्यात एका कामगाराकडून दर वर्षी थोडा जास्त माल निघतो, म्हणून पगार वाढला तरी मालाची किंमत आटोक्यात राहते. पण चार वादकांना एक रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो, आणि माणसं चारच लागतात. पगार मात्र आजच्या भावानं द्यावा लागतो. भाल्याची झुंज तशीच. दोन सरदार, दोन घोडे. एका घोड्यावर भागवता येत नाही."

हे मला पटलं होतं. अशी पहिली जत्रा भरली १९६३ मध्ये. तेव्हाचा एक डॉलर म्हणजे आजचे साधारण दहा, हे धरलं तर नुसत्या जुन्या-नव्या दरांच्या तुलनेला तसाही अर्थ राहत नाही. माणसं राबवून तासभर करमणूक करायची तर ती स्वस्तात होणार नाही, एवढं कुणालाही कळतं.

पण धनू हसायला लागली. "काका, कुठल्या पगाराचं बोलताय? तिथले निम्मे कलाकार टोपीवर जगतात."

मग तिनं जे सांगितलं त्यानं सगळ्या चर्चेचा रोख बदलला. खेळ संपला की कलाकार टोपी फिरवतो. दोन विनोद करतो, 'आवडलं असेल तर पाच टाका, फारच आवडलं असेल तर तुमच्या शेजाऱ्यालाही टाकायला लावा' असलं काहीतरी म्हणतो, आणि लोक नोटा टाकतात. हल्ली टोपीला व्हेन्मोचा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायच्या ॲपचा, क्यूआर कोडही चिकटवलेला असतो. जत्रेकडून त्याला ठरलेली रक्कम मिळते, पण बऱ्याच जणांची खरी कमाई टोपीतली. रस्त्यात हिंडून लोकांशी जुन्या इंग्रजीत बोलणारे नट तर काही ठिकाणी किरकोळ मानधनावर नाहीतर निव्वळ हौसेवर असतात. हे लोक एका राज्यातला हंगाम संपला की दुसऱ्या राज्यातल्या जत्रेला जातात, वर्षभर तंबूत नाहीतर गाडीत संसार. रेनी म्हणतात त्यांना.

"पेन आणि टेलर माहीत आहेत ना, लास व्हेगासचे जादूगार? १९७५ मध्ये ते पहिल्यांदा एकत्र उभे राहिले ते मिनेसोटाच्या रेनेसाँ फेस्टिव्हलमध्ये. त्याआधी टेलर इथे लॉरेन्सच्या हायस्कुलात लॅटिन शिकवायचा."

"शिक्षकी सोडून टोपी," मास्तर म्हणाले. "शहाणा माणूस."

मी जुन्नरकरला विचारलं, तू टोपीत किती टाकलेस?

तो जरा थांबला. "शून्य. टोपी यायला लागली तसा पोरांना घेऊन सटकलो. दारात सव्वाशे दिलेत, आता कसली टोपी? मला वाटलं, त्यातूनच मिळत असतील की त्याला."

"आणि दुकानांत?"

"पोरीला लाकडी तलवार हवी होती. नको म्हटलं."

माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म हे. तिकीट महाग झालं म्हणून जुन्नरकर यायचा थांबला नाही, आला. त्यानं कात्री लावली ती आत. दारातल्या माणसाचे पैसे वसूल झाले आणि चेंडू झेलत घाम गाळणाऱ्याची टोपी रिकामी राहिली. म्हणजे भाववाढीची झळ बसली ती ज्याचा तिच्याशी काही संबंध नाही त्याला. तिकिटाबद्दल बोलताना सगळे आपल्या खिशाचं बोलतात, टोपीचं कुणी बोलत नाही.

जुन्नरकर आता आणखी पेटला, पण वेगळ्या अंगानं. "आमच्याकडं बघा. नारायणगावात पाडव्याच्या आधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, यात्रेची तारीख सांगतात, सुपारी ठरते. पैसा गावच्या वर्गणीचा. यात्रेला आलेला गडी फुकट बघतो, आणि खूश झाला तर दौलतजादा करतो. दारात कापलेला नसतो, म्हणून खिशात हात जातो."

"आणि तंबू लावून तिकिटावर खेळ करणारे फड?" मास्तरांनी विचारलं.

"ते वेगळे."

"वेगळे कसे? तिथेही दारात पैसे घेतातच. फरक एवढाच, की तंबू फडमालकाचा आणि कलावंतही त्याच्याच फडातले. त्यांची उचल, त्यांचा पगार, ट्रकचं डिझेल, सगळं त्याच दारातून निघतं. गल्ला वाढला तर निदान भांडायला तरी जागा असते."

हिशेबनीसाला हे फार आवडलं, कारण त्याला पुन्हा अर्थशास्त्र सांगता आलं. डिझ्नीलँड १९५५ मध्ये उघडलं तेव्हा दारात मोठ्या माणसाला एक डॉलर होता, आणि आतल्या प्रत्येक पाळण्याला वेगळं कुपन. १९८२ मध्ये कुपनं बंद झाली, एकदाच दारात द्या आणि हवं ते खेळा. वॉल्टर ओय नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९७१ मध्ये हाच प्रश्न मांडला होता: पैसे दारात घ्यावेत की पाळण्यावर? "आणि त्याचं गणित सांगतं, गिऱ्हाइकं साधारण एकसारखी असतील तर आतलं स्वस्त ठेवा आणि दारात घ्या. मालकाचा त्यातच फायदा."

"अहो, पण डिझ्नीचं दारही डिझ्नीचंच आणि पाळणाही त्याचाच," मी म्हणालो. "एका खिशातून दुसऱ्या खिशात. इथे दार एकाचं, दुकान दुसऱ्याचं, टोपी तिसऱ्याची. दारवाल्यानं जास्त घेतले की ते इतर दोघांच्या ताटातून गेले. त्याला ते टोचणार कशाला?"

"टोचेल. दुकानदार निघून गेले तर जत्रा कसली?"

"कसे जातील?" धनू म्हणाली. "बऱ्याच ठिकाणी जागा जत्रेची, पण वरचं दुकान कारागिरानं स्वतःच्या पैशानं बांधलेलं असतं. दुमजली लाकडी घर उचलून नेणार कुठे? दर हंगामाला भाडं भरायचं आणि गप्प बसायचं."

यावर हिशेबनीस गप्प बसला. असं क्वचित होतं.

मास्तरांनी मग मूळ गोष्ट काढली. पहिली रेनेसाँ फेअर झाली मे १९६३ मध्ये, लॉस एंजेलिसजवळ. फिलिस पॅटरसन ही शिक्षिका, लॉरेल कॅनियनमध्ये घरच्या अंगणात मुलांची नाटकं बसवायची. ती आणि तिचा नवरा रॉन यांनी ही जत्रा भरवली ती केपीएफके या रेडिओ स्टेशनसाठी निधी गोळा करायला. श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारं स्टेशन ते. "म्हणजे तिकीट हीच मुळात वर्गणी होती," मास्तर म्हणाले. "देणाऱ्याला माहीत होतं पैसा कुठे चाललाय. पुढं १९९० च्या दशकात त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या जत्रा एका कंपनीकडे गेल्या. आता आपल्याला तिकिटावर रक्कम दिसते, वाट दिसत नाही."

"वाट दिसली तर तू देशील का रे?" हिशेबनीसानं जुन्नरकरला विचारलं. "समज तिकिटावर छापलं, की यातले पाच डॉलर कलाकारांचे. मग?"

"मग टोपी बंद करा म्हणावं."

"टोपी बंद केली तर चांगल्या कलाकाराचं नुकसान," धनू म्हणाली. "टोपी म्हणजे त्याचं मोजमाप. चांगला खेळ झाला की भरते, वाईट झाला की नाही. सगळ्यांना सारखे पाच वाटले तर मधल्या स्टेजवर रोज दोनशे लोक हसवणारा आणि कोपऱ्यात बासरी वाजवणारा सारखेच."

"बासरीवाल्यानं खायचं नाही काय?" मास्तर जरा चिडलेच. साताऱ्यात त्यांचा कुणी नातेवाईक सनई वाजवायचा म्हणे, पण ते पुढे बोलले नाहीत आणि कुणी विचारलंही नाही.

गर्दीचा मुद्दा राहिला होता. तो हिशेबनीसानं काढला आणि त्यात दम होता. २०२० चा हंगाम बहुतेक ठिकाणी करोनात बुडाला आणि नंतर लोक लोटले. मेरीलँडच्या जत्रेनं तर ठरावीक तारखेची तिकिटं आधीच ऑनलाइन विकायला सुरुवात केली आणि संपली की संपली. (मेरीलँडचा अधिकृत राज्यखेळ भालेझुंज आहे, १९६२ पासून. तिथे गर्दी व्हायचीच.) माळ तेवढाच, पार्किंग तेवढंच, संडास तेवढेच, माणसं दुप्पट. मग एकतर भाव वाढवा, नाहीतर दार बंद करा, नाहीतर अर्धा दिवस रांगेत काढा. हिशेबनीसाला भाव बरा वाटतो. मला दार बंद केलेलं बरं वाटतं. आधी आला त्याला मिळालं, यात निदान पोरं असलेला मेकॅनिक आणि बँकेतला मॅनेजर एका रांगेत असतात. भाव वाढवून गर्दी आवरली, की गर्दीतून कुणाला काढायचं ते आधीच ठरलेलं असतं.

"आणि भालेझुंजीच्या पहिल्या चार बाकड्यांना लावा ना वेगळे पन्नास," मी म्हणालो. "ज्याला घोड्याचा फेस अंगावर हवा त्यानं द्यावेत. दार स्वस्त ठेवा."

"लावतात, तेही लावतात," धनू म्हणाली. "दार स्वस्त ठेवायचं तेवढं विसरतात."

तिची खरी तक्रार वेगळीच होती. गेल्या हंगामात ती आजीची नऊवारी काष्टा मारून नेसून गेली होती, कमरेला लाकडी तलवार. दिवसभर लोक थांबवून फोटो काढत होते. एका शिपायाच्या वेशातल्या नटानं तिला परदेशी राजदूत ठरवून राणीपुढे उभं केलं आणि पाऊण तास तिच्यावर प्रवेश रंगवला. शंभरेक माणसं जमली. "असे हजारो लोक स्वतःच्या पैशानं कपडे शिवून येतात. आम्ही नसलो तर तिथं काय उरेल? जीन्स घातलेली माणसं एकमेकांकडे बघत तंगड्या खातील. आम्ही त्यांची अर्धी सजावट आहोत, आणि तिकीट पूर्ण."

"वेशभूषेला सवलत मागा," जुन्नरकर म्हणाला. "मीही धोतर नेसून येतो."

"तुम्ही टोपीत टाकत नाही, तुम्हाला कसली सवलत?"

हिशेबनीसानं पासाचा हिशेब सुरू केला होता. हंगामाचा पास काढला तर कितव्या खेपेला वसूल होतो वगैरे. धनूनं त्याला मध्येच तोडलं. पास नकोच, ती म्हणाली. वसंतात रस्त्यावरच्या नटांच्या चाचण्या असतात, ती नाव देणार आहे. निवड झाली तर पूर्ण हंगाम आत.

"पगार?" हिशेबनीसानं विचारलं.

"बहुतेक नाही."

"म्हणजे नऊ आठवडे, उन्हापावसात, फुकट राबणार तू?"

"आत्ता पैसे भरून राबतेय, काका."