त्या चेहऱ्याला हसू नका

आज एका मित्राकडे 'ब्लॅक संडे' लावला होता. मारियो बाव्हाचा, १९६० चा इटालियन भयपट. थडग्यापाशी वटवाघूळ फडफडत आलं आणि सगळे हसत सुटले. तेवढं ठीक, वटवाघूळ खोटंच आहे. पण मग थडग्यातल्या चेटकिणीच्या, आसाच्या तोंडावरचा मुखवटा निघाला आणि एक जण म्हणाला, "चेहऱ्याची पार चाळणी झालीय की!" पुन्हा हशा. मी उठून निघून आले. अजून डोकं तापलेलंच आहे.

हा सिनेमा मी पहिल्यांदा आत्याबरोबर पाहिला होता. साताऱ्याला, लॅपटॉपवर, ती गहू निवडत असताना. आत्याला लहानपणी देवी आल्या होत्या. गालांवर, कपाळावर वण आहेत. घरच्या अल्बममध्ये ती प्रत्येक फोटोत कडेला, पदर पुढे ओढून.

सुरुवातीलाच चेटकीण ठरवलेल्या आसाला बांधलेलं असतं. मुखवट्याचे खिळे आतल्या बाजूने. ते आधी कॅमेऱ्याकडे येतात, म्हणजे आपल्याच तोंडावर, आणि मग भला मोठा हातोडा पडतो. आत्याचे हात ताटातच थांबले.

बार्बरा स्टील तेव्हा २२ वर्षांची होती. इंग्लंडची मुलगी, इटलीत येऊन एकाच सिनेमात दोन बायका उभ्या करते. दोनशे वर्षांनी उठणारी आसा, आणि तिच्याच वंशातली, तिच्याच चेहऱ्याची कात्या. पडक्या देवळाच्या दारात दोन दांडगी कुत्री घेऊन कात्या उभी राहते तेव्हा क्षणभर कळत नाही की ही कोण, जिवंत की मेलेली. आणि लोक म्हणतात, नुसते डोळे मोठे आहेत, अभिनय कुठाय? अरे, तिचा आवाजसुद्धा तिला ठेवू दिला नाही! इटालियनमध्ये दुसरीचा, इंग्रजीत दुसरीचा. उरलं काय तिच्या हातात? चेहरा. तोही भोकं पाडलेला. तेवढ्यावर तिने अख्खा सिनेमा पेलला. फेलिनीसारख्या इटालियन दिग्दर्शकाने तिला पुढे आपल्या '८½' या सिनेमात घेतलं ते उगाच नाही.

नायक मिळमिळीत आहे, प्रेमप्रकरणात दम नाही, हो, मान्य.

पण आसा थडग्यात पडलेली असते, चेहरा तसाच भोकाभोकांचा, आणि समोरच्या म्हाताऱ्या डॉक्टरला नजर काढून घेता येत नाही. मी आत्याकडे बघायचं टाळत होते. वाटलं, कुठून हिला हा सिनेमा बघायला बसवलं. तीच म्हणाली, "अगं, हिनं तोंड नाही लपवलं."

मग मला मागे घ्यायला लावलं. तेवढाच प्रसंग तीनदा बघितला. गहू तसेच राहिले.

आज त्या हॉलमध्ये हे कोणाला सांगावंसं वाटलं नाही, म्हणून इथे लिहिलं. रविवारी माझ्याकडे परत लावणार आहे. आत्या आलेली आहे. ज्यांना खरंच बघायचाय त्यांनी या, जेवायलाच या.